प्रश्न आपला, समजही आपली : गृहपाठासाठी इंटरनेटवर मदत कशी मागावी?

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. अनेक गावांत कित्येक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे वीज नव्हती. कोरोनाच्या साथीमुळे शाळा मार्च महिन्यापासूनच बंद होत्या. त्याच जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, ते मोबाइलच्या पडद्यावर. शिक्षक गटावर पाठ पाठवीत, मुले वहीत गृहपाठ लिहून त्याचे छायाचित्र परत पाठवीत. सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली'सारख्या कार्यक्रमांनीही त्या वर्षी बालवाचकांना हात दिला. परंतु ज्या घरात वीजच नव्हती, तेथे दूरचित्रवाणीही मुकी आणि मोबाइलही मुका.

त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरील मुलांनी एक नवी गोष्ट आत्मसात केली. समोर नसलेल्या माणसाकडे, लेखी शब्दांत, अभ्यासाची मदत मागणे. पुढे शाळा उघडल्या, फळ्यावर पुन्हा खडू फिरू लागला. पण ही सवय मात्र राहिली. आज रात्री आठ वाजता गणित अडले, तर विद्यार्थी दुसऱ्या दिवशीच्या तासाची वाट पाहत नाही. तो हातातील यंत्राला विचारतो आणि क्षणार्धात उत्तर मिळवितो. हे उत्तर त्याला तारते की बुडविते, हे तो प्रश्न कसा विचारतो आणि उत्तराचे पुढे काय करतो यावर अवलंबून असते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मदत मागणे हा दोष नव्हे

'इंटरनेटवरून गृहपाठ केला' असे म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. या आठीमागे काळजी असते हे खरे. तथापि सरसकट मनाई करणे हे आपल्या भागातील कित्येक मुलांवर अन्याय करणारे ठरेल. रायगडच्या किनाऱ्यावर कोळी, आगरी, कातकरी आणि इतर कष्टकरी कुटुंबांत दहावी-बारावीपर्यंत पोहोचलेले मूल हे पुष्कळदा त्या घरातील पहिलेच असते. वडील बोटीवर समुद्रात गेलेले, आई पहाटे बाजारात मासळी घेऊन बसलेली किंवा वाडीत कामाला गेलेली. बीजगणितातील शंका घरात विचारावी कोणाला? शहरात गल्लोगल्ली शिकवणी वर्ग आहेत. खाडीपलीकडील गावातून त्यांपर्यंत जायचे तर एस. टी.ची वेळ आणि तिकिटाचे पैसे दोन्ही पाहावे लागतात. ज्या मुलाच्या घरी पदवीधर काका आहे त्याने काकाला विचारले तर ती 'घरची मदत' आणि ज्याच्या घरी कोणी नाही त्याने इंटरनेटवर विचारले तर ती 'लबाडी', असा भेद करणे योग्य नाही.

दूरच्या माणसाला लेखी प्रश्न विचारण्याची परंपरा इंटरनेटहून कितीतरी जुनी आहे. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील एका तरुण कारकुनाने इंग्लंडमधील केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. पत्राच्या आरंभीच त्यांनी आपण कोण, आपले शिक्षण किती आणि आपण स्वतः काय काम केले आहे हे स्वच्छ सांगितले, आणि सोबत आपल्या सिद्धांतांची पानेच्या पाने जोडली. हार्डी यांनी पुढच्याच महिन्यात उत्तर पाठविले आणि त्यात सिद्धतांची मागणी केली. पुढे जे घडले तो गणिताचा इतिहास आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण रामानुजन नव्हे. परंतु त्या पत्राची रीत मात्र आठवीतील विद्यार्थ्यालाही उचलता येण्यासारखी आहे. आधी आपले काम पुढे ठेवायचे, मग हात पुढे करायचा.

अलीकडचे उदाहरण तर आणखी जवळचे वाटेल. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नोकरी करणारे सलमान खान (हे चित्रपट अभिनेते नव्हेत) आपल्या नादिया नावाच्या नात्यातील बहिणीला दूरध्वनी व संगणकाच्या साहाय्याने गणित शिकवू लागले. ती दूरच्या न्यू ऑर्लिन्स शहरात राहत होती. तिची अडचण 'गणितच येत नाही' अशी मोघम नव्हती. एककांचे रूपांतर या एका ठिकाणी तिचे पाऊल अडखळत होते. ते एक ठिकाण सापडले, त्यावर काम झाले आणि पुढील वाट मोकळी झाली. मग इतर भावंडेही विचारू लागली, २००६ मध्ये खान यांनी आपले पाठ ध्वनिचित्रफितींच्या रूपाने सर्वांसाठी ठेवले आणि त्यातून 'खान अकॅडमी' उभी राहिली. आज जगभरातील मुले ज्या पाठांचा लाभ घेतात, त्यांचे मूळ एका मुलीच्या नेमक्या अडचणीत आहे.

अडले कोठे, हे आधी शोधा

प्रश्न कसा विचारावा हे एका उदाहरणाने पाहू. दहावीच्या गणितात होडी व प्रवाहाची उदाहरणे येतात. समजा, असे उदाहरण आहे : स्थिर पाण्यात ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणारी होडी प्रवाहाच्या दिशेने ३० किलोमीटर जाते आणि तितकेच अंतर प्रवाहाविरुद्ध परत येते. या सर्व प्रवासास एकूण ८ तास लागतात. तर प्रवाहाचा वेग किती?

एक विद्यार्थी या उदाहरणाचे छायाचित्र काढतो आणि खाली लिहितो, 'लवकर सोडवून द्या, उद्या द्यायचे आहे.' त्याला उत्तर मिळते. तो ते वहीत उतरवितो. शिक्षक बरोबरची खूण करतात. सर्व काही सुरळीत झाल्यासारखे दिसते.

दुसरी विद्यार्थिनी आधी स्वतः वहीत मांडून पाहते. तिच्या मनात येते की, जाताना प्रवाहाने जेवढी मदत केली तेवढाच अडथळा त्याने येताना केला. म्हणजे हिशेब फिटला. मग ६० किलोमीटरला ताशी ८ च्या वेगाने साडेसात तास लागावयास हवेत. पण उदाहरणात तर ८ तास दिले आहेत! तेव्हा ती असे लिहिते :

'नमस्कार. मी दहावीत शिकते. खालील उदाहरण मी करून पाहिले. जाताना होणारा फायदा येताना फिटतो असे धरले, तर एकूण वेळ साडेसात तास येतो; पण उदाहरणात ८ तास आहे. माझा विचार कोठे चुकला ते समजावून सांगाल का? पूर्ण उत्तर नको, दिशा दाखविली तरी पुरे. मी केलेली मांडणी सोबत जोडली आहे.'

या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य आनंदाने देईल, कारण त्याला नेमके काय सांगायचे ते कळते. तो म्हणेल : 'प्रवाहाविरुद्ध येताना होडीचा वेग कमी असतो, म्हणून त्या प्रवासाला वेळही अधिक लागतो. फायदा थोडा वेळ मिळतो, तोटा मात्र जास्त वेळ सोसावा लागतो. म्हणून दोन्हींचा हिशेब फिटत नाही. जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ निरनिराळे मांडून पाहा.' एवढ्यावर ती मुलगी स्वतः पुढे जाते. प्रवाहाचा वेग क्ष मानला तर जाताना वेग ८ + क्ष, येताना ८ – क्ष. ३० ला या दोन वेगांनी निरनिराळे भागून येणाऱ्या वेळांची बेरीज ८. समीकरण सोडविल्यावर क्षचा वर्ग ४ येतो. वेग ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष बरोबर २. मग ती पडताळाही घेते. जाताना ताशी १० च्या वेगाने ३ तास, येताना ताशी ६ च्या वेगाने ५ तास, एकूण ८. उत्तर जुळले.

आणि मग तिला आठवते की रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीच्या पाण्याविरुद्ध होडी आत घ्यायची असली की बाबा नेहमी म्हणतात, 'पाणी फिरू दे, मग निघू.' जे गणित पुस्तकात होते ते घरातही होते. पहिल्या विद्यार्थ्याच्या वहीत हेच उत्तर आहे, तेही बरोबर आहे. पण पुढच्या परीक्षेत होडीऐवजी विमान आणि प्रवाहाऐवजी वारा आला, तर तो पुन्हा कोरी वही घेऊन बसेल.

या उदाहरणातून प्रश्न विचारण्याचे चार साधे नियम हाती लागतात. पहिला, आपली इयत्ता व धडा सांगावा, म्हणजे उत्तर आपल्या पायरीवरचे येते. दुसरा, आपण काय करून पाहिले ते दाखवावे. ते चुकलेले असले तरी लाज वाटण्याचे कारण नाही, कारण चुकीच्या पायरीवरच उत्तर देणाऱ्याला आपली अडचण दिसते. तिसरा, 'समजले नाही' एवढेच न म्हणता कोणत्या ओळीपर्यंत समजले आणि कोणत्या ओळीला थांबलो ते लिहावे. चौथा, उत्तर हवे की केवळ दिशा हवी हे स्पष्ट सांगावे. अनेकदा असे होते की या चार गोष्टी कागदावर नीट लिहीत असतानाच आपली आपल्याला अडचण उलगडते आणि प्रश्न पाठविण्याची गरजच उरत नाही.

विचारावे कोणाला?

इंटरनेट म्हटले की मुले एकदम अनोळखी ठिकाणी धाव घेतात. प्रत्यक्षात जवळची व विश्वासाची साधने आधी चाळावीत. सर्वांत प्रथम पाठ्यपुस्तक. बालभारती ही संस्था १९६७ पासून आपल्या राज्याची पाठ्यपुस्तके तयार करीत आहे आणि तिच्या संकेतस्थळावर ही पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तक पावसात भिजले किंवा हरवले तरी अभ्यास थांबावयास नको. अनेक पुस्तकांत चौकोनी क्यूआर संकेत छापलेले असतात. मोबाइलने ते टिपले की त्या पाठाशी जोडलेले दृक्‌श्राव्य साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गासाठी हा प्रयोग केला आणि त्याची दखल जगाने घेतली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्काराच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. संज्ञा वा इतिहास पाहायचा असेल तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो.

त्यानंतर आपले शिक्षक. वर्गाच्या गटावर प्रश्न टाकताना वेळेचे भान ठेवावे. रात्री अकराला पाठविलेल्या प्रश्नाचे उत्तर सर किंवा बाई सकाळी देतील, तेवढा धीर धरावा. त्यांनाही घर आहे. गटावर विचारल्यास इतरांनाही लाभ होतो. मात्र कोणी साधा प्रश्न विचारला म्हणून त्याची थट्टा करू नये. एकदा हसे झालेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही, आणि मग ते गुपचूप तयार उत्तरे शोधू लागते.

शेवटी अनोळखी जाणकार आणि यंत्रे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसाठी खुले झाल्यापासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद-साधनांचा वापर विद्यार्थ्यांत झपाट्याने वाढला आहे. ही साधने अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव आहे याच्या आधारे वाक्ये रचतात. त्यामुळे त्यांची भाषा नेहमीच आत्मविश्वासाची असते, मग मजकूर खरा असो वा खोटा. ज्या विषयावर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे तेथे ती बरीच उपयोगी पडतात. ज्या विषयावर फारसे लेखन नाही तेथे मात्र ती रिकामी जागा संभाव्य वाटणाऱ्या शब्दांनी भरून काढतात. आपल्या किनाऱ्याविषयीची माहिती बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते.

नावांचा घोटाळा पाहा. 'कुलाबा' म्हटले की एक कुलाबा मुंबईत, दुसरा अलिबागच्या समुद्रातील किल्ला आणि तिसरे आपल्या जिल्ह्याचेच जुने नाव. १९८१ साली ते बदलून रायगड झाले. 'रायगड' म्हणजे महाड तालुक्यातील किल्लाही आणि अख्खा जिल्हाही. 'मुरूड' जंजिऱ्याजवळचे निराळे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले निराळे. 'कुलाब्याविषयी दहा ओळी लिहा' असे यंत्राला सांगणाऱ्याच्या वहीत या तिन्ही कुलाब्यांची खिचडी होण्याचा संभव आहे. म्हणून स्थळ, तालुका व काळ लिहून प्रश्न नेमका करावा. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची 'माहिती द्या' असे म्हणण्यापेक्षा, 'मुंबईतील कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागला का होऊ लागली?' असे विचारावे. मग विजेवर चालणाऱ्या ट्राम, त्यांच्या विद्युत प्रवाहामुळे सूक्ष्म मोजमापांत येणारा व्यत्यय, आणि त्यासाठी ट्राम-रुळांपासून दूर असलेल्या जागेचा शोध, ही सारी कारणपरंपरा समोर येते. विज्ञानाचा धडा आणि गावाचा इतिहास एकाच प्रश्नात उलगडतो.

उत्तर शेजारच्या घरात असेल तर?

काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर इंटरनेटवर शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. 'आपल्या परिसरातील बोली' हा विषय प्रकल्पासाठी दिला जातो. मुरूड तालुक्यातील कोर्लई या गावी ख्रिस्ती समाजात एक आगळी भाषा आजही बोलली जाते. चौलवरील पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली; तरी पोर्तुगीज शब्द आणि मराठीची घडण यांच्या मिलाफातून झालेली ही बोली टिकून राहिली. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. ती बोलणारे सुमारे हजार लोक आहेत. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा सखोल अभ्यास केला आणि १९९६ साली त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

एखाद्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरून या बोलीविषयी चार परिच्छेद उतरवून काढले, तर त्याला थोडे गुण मिळतील. परंतु ते परिच्छेद त्याच्याआधी शंभर जणांनी उतरविलेले असतील. त्याऐवजी त्याने इंटरनेटवरून केवळ पार्श्वभूमी घ्यावी, काय विचारावे याची यादी करावी आणि मग कोर्लईतील एखाद्या आजीपुढे जाऊन बसावे. 'आजी, माशांची नावे तुमच्या भाषेत सांगा. नात्यांना काय म्हणता? लहानपणी कोणती गोष्ट ऐकली होती?' तिने सांगितलेले वीस शब्द त्याने नीट लिहून आणले, तर त्याच्या वहीत अशी माहिती येईल की जी एखादे वेळी कोणत्याही संकेतस्थळावर नसेल. मात्र आजीचा आवाज टिपण्यापूर्वी किंवा तिचे छायाचित्र कोठे ठेवण्यापूर्वी तिची अनुमती घ्यावी आणि प्रकल्पात तिने मदत केल्याचा आदरपूर्वक उल्लेख करावा. ज्ञान देणाऱ्याला श्रेय देण्याची शिस्त ग्रंथकारापुरती मर्यादित नाही. अंगणात बसलेल्या आजीलाही तिचा तेवढाच हक्क आहे.

ही गोष्ट इतिहास, भूगोल, पर्यावरण या सर्व विषयांना लागू आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासून काही वर्षे चाललेला संप, १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, खारभूमी, मिठागरे, निसर्ग वादळानंतर उभ्या राहणाऱ्या पोफळीच्या वाड्या, या विषयांचे साक्षी व वारसदार आपल्याच गावांत आहेत.

उत्तर मिळाल्यानंतर

मदतीचा खरा कस उत्तर मिळाल्यानंतर लागतो. उत्तर वाचावे, पडदा बंद करावा आणि तेच उत्तर स्वतःच्या शब्दांत, न पाहता वहीत लिहावे. लिहिता आले नाही तर समजलेले नाही असे खुशाल समजावे आणि पुन्हा विचारावे. गणित असेल तर पडताळा घ्यावा आणि आकडे बदलून तसेच आणखी एक उदाहरण करावे. माहिती असेल तर निदान एका दुसऱ्या विश्वासार्ह ठिकाणी ती जुळते का ते पाहावे. सन, नाव आणि आकडे हे विशेष तपासावेत, कारण चुका बहुधा तेथेच लपतात.

वहीच्या तळाशी एक ओळ लिहिण्याची सवय लावावी : 'तिसऱ्या पायरीसाठी अमुक ठिकाणाहून मदत घेतली', दिनांकासह. अशी ओळ लिहिल्याने गुण कमी होतील अशी भीती मुलांना वाटते. परंतु शिक्षकाला यातून मुलाचा प्रामाणिकपणा दिसतो आणि वर्गात पुन्हा काय शिकवावे हेही कळते. पंधरा वह्यांत तिसऱ्याच पायरीला मदत घेतलेली दिसली, तर ती पायरी फळ्यावर नीट आली नव्हती हे शिक्षकाच्या ध्यानात येईल. लपविलेल्या मदतीमुळे हा निरोप शिक्षकापर्यंत पोहोचतच नाही. आणि ज्याने उत्तर दिले त्याला दोन शब्दांत धन्यवाद द्यावेत. त्याचा काही वेळ आपल्यासाठी खर्च झालेला असतो.

येथे परीक्षेचा हिशेबही ध्यानात घ्यावा. दहावीला भाषा, गणित यांसारख्या विषयांत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. उतरवून काढलेला गृहपाठ फार तर त्या २० गुणांच्या आसपास फिरेल. उरलेले ८० गुण परीक्षागृहात, मोबाइल बाहेर ठेवून, एकट्याने मिळवायचे असतात. आणि परीक्षा चालू असताना प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र बाहेर पाठवून उत्तरे मागविणे ही मदत नव्हेच. महाराष्ट्रात १९८२ पासून परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. क्षणाच्या मोहापायी वर्ष वाया जाऊ शकते.

स्वतःला जपा

अनोळखी ठिकाणी प्रश्न विचारताना आपले पूर्ण नाव, शाळेचे नाव, घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, गणवेशातील छायाचित्र यांपैकी काहीही देऊ नये. गणित सोडविण्यासाठी यांतील कशाचीही आवश्यकता नसते. वहीचे छायाचित्र पाठविताना वरच्या कोपऱ्यातील नाव व हजेरी क्रमांक झाकलेला आहे ना, हे पाहावे. उत्तर देणारी व्यक्ती 'खासगीत बोलू', 'छायाचित्र पाठव', 'घरी सांगू नकोस' असे म्हणू लागली, तर संभाषण तेथेच थांबवून घरातील मोठ्या माणसाला सांगावे. यात मुलाचा किंवा मुलीचा काहीही दोष नसतो. 'सर्व उत्तरे मिळतील, आधी एवढे पैसे भरा' असे म्हणणाऱ्यांपासूनही सावध असावे. अडचणीत सापडलेल्या बालकांसाठी १०९८ आणि पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी १९३० हे मदत क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावेत. आपल्या देशात २०२३ साली संमत झालेला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्यास सांगतो. तेव्हा कोठेही खाते उघडताना खोटे वय न लिहिता आई-वडिलांना शेजारी बसवावे.

पालक व शिक्षकांस दोन शब्द

'मला इंग्रजी येत नाही, मी काय पाहणार?' असे आई-वडील म्हणतात. त्यांनी उत्तर तपासण्याची गरज नाही. मुलाला एवढेच म्हणावे, 'आज काय अडले होते आणि ते कसे सुटले, मला सांग.' ज्याला खरोखर समजले आहे तो सांगू शकतो; ज्याने केवळ उतरविले आहे तो दुसऱ्या वाक्याला अडखळतो. जाळी विणताना, मासळी निवडताना, भाकरी थापतानाही हे ऐकता येते. त्यासाठी पदवी लागत नाही. घरात मोबाइल एकच असेल तर भावंडांमध्ये त्याची वेळ ठरवून द्यावी आणि त्यात मुलीचा वाटा कापला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

शिक्षकांनीही गृहपाठाच्या प्रश्नांचा पुनर्विचार करावा. 'पर्यावरणाचे महत्त्व' या निबंधाचे उत्तर क्षणात तयार मिळते. 'तुमच्या घरापासून समुद्रापर्यंत जाताना वादळात पडलेली किती झाडे पुन्हा लावलेली दिसतात, मोजून लिहा' या प्रश्नाला मुलाला घराबाहेर पडावेच लागते. उत्तरासोबत 'हे तुला कोठे अडले?' असा एक कायमचा रकाना ठेवला, तर मदत मागणे हे वर्गात उघडपणे, ताठ मानेने करण्याचे काम होईल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, २०२० च्या त्या जूनमध्ये वीज नव्हती, शाळा नव्हती, डोक्यावर धड छप्परही नव्हते. तरीही तुमच्या मोठ्या भावाबहिणींनी जेथे चार्जिंग मिळेल, जेथे नेटवर्क मिळेल तेथपर्यंत चालत जाऊन प्रश्न विचारले. तुमच्या हाती आज ती सोय सहज आली आहे. आज रात्री गृहपाठात काही अडले, तर आधी दहा मिनिटे वहीशी झगडा, अडलेल्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा, आणि मग त्या खुणेपासून पुढे निःसंकोचपणे विचारा.